अंथऊ झाल्यावर

दिवस मावळला की त्रिशला तोंड मिटते.
पाणी नाही, दूध नाही, गोळीसुद्धा नाही.
बेचाळीस वर्षं हेच.
लग्नाच्या दिवशी आमचा ट्रक नदीपलीकडे बंद पडला,
घरी यायला रात्र झाली,
नवरी तशीच उपाशी झोपली.
रुसली असेल म्हणून आई रात्रभर जागी.

आणि दुखणं नेमकं दिवे लागल्यावर येतं.
समडोळीत आमच्या गल्लीला त्याची वेळ पाठ आहे.
शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात.
माणसं वाईट नाहीत,
ऐकवत नाही त्यांना.

मी साखर कारखान्यात काट्यावर होतो.
एकतीस गळीत हंगाम
भरल्या ट्रॉलीचं वजन, रिकाम्या ट्रॉलीचं वजन,
मधला फरक तो ऊस.
आता तिची कूस बदलायला उचलतो
तेव्हा हात आपोआप आकडा सांगतात.
एकोणचाळीस.
सदतीस.
मधला फरक कुठं गेला
त्याची पावती कुणी फाडत नाही.

मंगळवारी मिरजेहून नर्सबाई येतात, मुमताज मुल्ला.
स्कूटीच्या डिकीत हातमोजे, कापूस, मलम,
आणि एक नेलकटर.
आधी नखं काढतात, मग विचारतात,
"आज्जी, दहापैकी किती?"
त्रिशला म्हणते, चार.
बाजारात वांग्याचा भाव पाडावा
तसा पाडून, चार.
मी वहीत लिहितो.
चैत्रापासून वहीत सगळे चारच आहेत.

त्या दिवशी मी चहा टाकायला आत गेलो.
परसातून गवती चहाची दोन पाती तोडली.
खिडकीच्या गजांतून तिचा आवाज आला,
जावेला काही सांगावं तसा, दबका:
"बाई, नऊ.
त्यांच्यादेखत नका विचारू.
ते आकडा उशाला घेऊन जागतात."

चहा उतू गेला.
ओटा पुसला, परत आधण ठेवलं,
साखर दोनदा पडली.
सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

मुलगा पुण्याहून फोनवर चिडतो,
औषधाला कसला आलाय नेम!
बस्तीतले पंडित म्हणाले, आजाऱ्याला सूट असते.
तिला सूट नको होती.
"समदंच सुटत चाललंय," म्हणाली,
"एवढं तरी माझं राहू द्या."

मुमताजबाईंनी वाद घातला नाही.
"माझी अम्मी डायलिसिसवर होती, रोजा चुकवायची नाही.
ही माणसं मला ठाऊक आहेत."
अंगणात जाऊन डॉक्टरांशी बराच वेळ बोलल्या.
गुरुवारी परत आल्या, हातात एक पट्टी.
पेराएवढी, आरपार दिसणारी.
"तोंडातून नाही, आज्जी. कातडीतून जाते.
तीन दिवस चालते.
सूर्य उगवो नाहीतर मावळो."

त्रिशलानं ती निरखून पाहिली,
पाचशेची नोट उजेडात धरावी तशी.
मग म्हणाली, "कातडी कुठं जेवतीया,"
आणि दंड पुढं केला.

पहिली रात्र तशीच गेली.
जाणार, असं त्यांनी सांगितलंही होतं.
दुसऱ्या रात्री ती झोपली.
मी जागाच.
कण्हणं थांबल्यावर घरात किती आवाज असतात:
फ्रीज, पाल, माळ्यावरचं मांजर,
आणि तिचा श्वास, मध्येच अडखळून
पुन्हा निघणारा.
दोन वाजता उगाच उठून
वहीत लिहिलं, झोप लागली.
कुणाला, ते लिहिलं नाही.

पुढच्या मंगळवारी फाटकापाशी
मुमताजबाई किल्ली लावता लावता थांबल्या.
"आणि तुमचं, आजोबा? दहापैकी किती?"
मला काय धाड भरलीय, म्हणालो.
त्यांनी स्कूटी सुरू केली नाही.
"चार," म्हणालो.

त्या हसल्या नाहीत.
हेल्मेट काढून जोत्यावर ठेवलं,
पायरीवर बसल्या,
शेजारची जागा हातानं झाडली.
समोरच्या घरात अंथऊची ताटं वाजत होती.
"सांगा," म्हणाल्या,
"अजून दिवस आहे."